कर्नलमधला पाहुणा आणि घराचे नियम

(गणेशोत्सवातील बौद्धिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता. त्यामुळे आरती आणि जेवणाच्या मध्ये एक व्याख्यान सहन करायचे, ही प्रथा आपण महाराष्ट्राबाहेरही निष्ठेने पाळतो. यंदा कार्यवाहांनी मला बजावले, ‘विषय संगणकाचाच घ्या, पण आजी-आजोबांनाही कळला पाहिजे.’ मी असा विषय घेतला आहे की जो मोठमोठ्या वकिलांनाही पुरता सुटलेला नाही. त्यामुळे आज सभागृहात सगळे एकाच पायरीवर आहेत.

प्रश्न साधा आहे. लिनक्स ही खुली संगणकप्रणाली. तिचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेले वाटताना तेही खुलेच ठेवावे, अशी तिच्या लायसन्सची अट आहे. आता कोणी एक छोटा तुकडा वेगळा लिहिला आणि लिनक्स चालू असतानाच त्यात बसवला, तर त्या तुकड्यालाही ही अट लागू होते की नाही? या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. आपल्या बंगळूर शहरात असे तुकडे लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही आत्ता इथे मोदकाची वाट पाहत बसले आहेत. म्हणून हा विषय.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर ओसरी, आत माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर. तुम्ही पत्र टाइप करता तो प्रोग्राम, इंटरनेटचा ब्राउझर, गाणी वाजवणारा प्रोग्राम, हे सगळे ओसरीवर बसलेले लोक. त्यांना पाणी हवे असेल तर ते आत हाक मारतात आणि आतून कोणीतरी तांब्या आणून देतो. या हाकेला सिस्टिम कॉल म्हणतात. आत स्वयंपाकघरात जो सगळा कारभार पाहतो, कोणाला किती मेमरी, कोणाची पाळी केव्हा, डिस्कवर काय लिहायचे, तो कर्नल. लिनक्स हे नाव काटेकोरपणे या कर्नलचेच आहे.

पूर्वी कर्नलमध्ये नवे यंत्र ओळखण्याची सोय करायची तर सगळा कर्नल पुन्हा बांधावा लागे, म्हणजे एक फोडणीचे भांडे वाढवायचे म्हणून अख्खे स्वयंपाकघर पाडून बांधण्यासारखे. नव्वदच्या दशकात लिनक्समध्ये लोडेबल मॉड्यूल आले. प्रिंटर, वायफाय, कॅमेरा यांचे ड्रायव्हर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे आणि गरज पडली की ‘इन्समॉड’ किंवा ‘मॉडप्रोब’ या आज्ञेने चालू कर्नलमध्ये जोडायचे. यातली मेख लक्षात घ्या. मॉड्यूल ओसरीवर बसत नाही. ते थेट स्वयंपाकघरात जाते, तिथलीच भांडी वापरते, आणि त्याने गॅस उघडा टाकला तर सगळा वाडा पेटतो. तांत्रिक भाषेत बोलायचे तर ते कर्नलच्याच मेमरीत, कर्नलच्याच अधिकाराने चालते.

आता घराचे नियम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातून पुढे जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, आले. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी फिनलंडमध्ये लिनक्स लिहायला घेतला. आधी त्याला त्यांचे स्वतःचे लायसन्स होते, पैसे घेऊन वाटायला त्यात मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारले. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, पण लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते: लिनक्सचा मालक एक नाही. ज्याने जो भाग लिहिला त्याचा त्यावर, किंवा तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिचा, कॉपीराइट राहतो. हजारो मालक. त्यामुळे लायसन्स बदलायचे किंवा कोणाला सूट द्यायची, तर ते टोरवाल्ड्स यांच्याही हातात नाही. आणि यांपैकी कोणीही एकटा उठून न्यायालयात जाऊ शकतो.

ओसरीवरच्या लोकांचा प्रश्न टोरवाल्ड्स यांनी सुरुवातीलाच मिटवला. कर्नलसोबत लायसन्सची जी फाइल येते तिच्या माथ्यावर त्यांनी टीप जोडली की नेहमीच्या सिस्टिम कॉलने कर्नलची सेवा घेणारे प्रोग्राम या लायसन्सच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून लिनक्सवर विकत घ्यायचे, बंद सोर्सचे डेटाबेस सुखाने चालतात. मॉड्यूलसाठी मात्र अशी टीप कुठेही नाही. आपल्यातल्या अनेकांना वाटते की ‘मॉड्यूल केले म्हणजे जीपीएलमधून सुटका’ असा काही अपवाद लिहून ठेवलेला आहे. तसा अपवाद लायसन्समध्ये नाही.

मग आहे काय? जीपीएलच्या दुसऱ्या कलमाचा आशय असा: कामाचा एखादा भाग मूळ प्रोग्रामपासून बनलेला नसेल आणि तो स्वतंत्र, वेगळी कृती मानता येत असेल, तर तो स्वतंत्रपणे वाटताना हे लायसन्स त्याला लागत नाही. पण तोच भाग मूळ प्रोग्रामसह एका पूर्ण कृतीचा घटक म्हणून वाटलात, तर पूर्ण कृतीला लायसन्स लागते. म्हणजे प्रश्न ‘लोड कसे केले’ हा नाही. प्रश्न आहे ‘कशापासून बनले’ आणि ‘कसे वाटले’. चालू कर्नलला जोडले की आधी बांधले, हा तांत्रिक फरक कायद्याला फारसा मोजत नाही. आमच्या धंद्यातले लोक इथेच घसरतात, कारण आम्हांला वाटते की फाइल वेगळी म्हणजे कृती वेगळी. एकाच कादंबरीचे दोन खंड वेगळे बांधले म्हणून दोन कादंबऱ्या होतात का?

उलट बाजूही तितकीच खरी. पाहुणा स्वयंपाकघरात शिरला म्हणून तो घरचा झाला, असेही नाही. डिसेंबर २००३ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपले मत सविस्तर मांडले. त्यांनी उदाहरण दिले ते अँड्र्यू फाइल सिस्टिमचे. ही प्रणाली कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मली, दुसऱ्या युनिक्सवर वाढली, आणि नंतर लिनक्सवर आणली गेली. तिला लिनक्सपासून बनलेली म्हणणे कठीण. पण जे मॉड्यूल लिनक्स समोर ठेवून, त्याच्या पोटातल्या रचनेवर विसंबून लिहिले जाते, ते लिनक्सचेच अपत्य समजावे, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर, असा त्यांचा रोख होता. मला हे मत समंजस वाटते. मात्र ते हजारो मालकांपैकी एकाचे मत आहे, निकाल नव्हे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’ मानला जातो. हो, माझा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आणि पु. ल. कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीत! अमेरिकी कायद्यात ‘डेरिव्हेटिव्ह वर्क’ हा शब्द आहे आणि जीपीएल त्याच भाषेत बोलते. आपल्या कायद्यात शब्द आहे ‘अ‍ॅडाप्टेशन’, आणि त्याच्या व्याख्येत मूळ कृतीची पुनर्मांडणी किंवा तीत फेरफार करून केलेला वापर येतो. मग मॉड्यूल लिहिणारा कर्नलची पुनर्मांडणी करतो का? कर्नलच्या हेडर फाइल्स वापरल्या तर त्यातल्या काही छोट्या फंक्शनचा कोड मॉड्यूलच्या फाइलमध्ये अक्षरशः उतरतो, एवढे खरे. ते पुरेसे आहे का, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासन् तास बोलू शकतात. शिवाय १९९९ मध्ये आपल्या कायद्यात एक कलम घातले गेले की स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, मिळवण्याचा हक्क कायदेशीर वापरकर्त्याला आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात जावाच्या सुमारे ११,५०० ओळींच्या घोषणा वापरणे हा ‘फेअर यूज’ ठरवला. पण अशा ओळींना कॉपीराइट असतो की नाही, हा मूळ प्रश्न मात्र त्यांनी हात न लावता बाजूला ठेवला.

न्यायालयात कोणी गेलेच नाही का? गेले. जर्मनीत २००४ मध्ये हॅरल्ड वेल्टे यांनी म्युनिकच्या न्यायालयात राउटर विकणाऱ्या एका कंपनीविरुद्ध जीपीएलची अट पाळली नाही म्हणून दाद मागितली आणि मिळवली. त्याने जीपीएल हे नुसते सद्भावनेचे पत्रक नाही, हे पक्के झाले. पण मॉड्यूलची खरी झुंज हॅम्बुर्गला झाली. क्रिस्टोफ हेलविग या कर्नल लिहिणाऱ्या तज्ज्ञाने मार्च २०१५ मध्ये व्हीएमवेअर कंपनीवर दावा लावला. इथे गंमत उलटी होती: स्वयंपाकघर बंद, म्हणजे कंपनीचा स्वतःचा कर्नल, आणि त्यात लोड होणारे ‘व्हीएमकेलिनक्स’ हे मॉड्यूल लिनक्सच्या कोडवर आधारलेले. हेलविग यांचे म्हणणे, हे दोन्ही मिळून एकच कृती आहे, सबब सगळेच खुले करा. जुलै २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला, फेब्रुवारी २०१९ मध्ये अपीलही. कारण? त्या कोडमधला नेमका कोणता भाग हेलविग यांनी स्वतः लिहिला हे न्यायालयाला समाधानकारक वाटेल असे सिद्ध झाले नाही. मूळ प्रश्नाला न्यायालयाने स्पर्शच केला नाही. कंपनीने मात्र २०२० च्या आवृत्तीत ते मॉड्यूल काढून टाकले. म्हणजे हजारो मालक असण्याची हीसुद्धा एक बाजू: जो तो मालक आहे, पण आपला सातबारा दाखवताना नाकी नऊ येतात.

तेव्हा बंद मॉड्यूल लिनक्समध्ये लोड करणे लायसन्सचा भंग आहे की नाही, यावर थेट निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. अशा वेळी घरातल्या लोकांनी काय केले, ते मला न्यायालयापेक्षा रंजक वाटते. त्यांनी दारावर एक वही ठेवली.

२००१ पासून प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक ओळ लिहायची असते, ‘मॉड्यूल लायसन्स’ नावाची. तिथे ‘जीपीएल’ लिहा, ‘ड्युअल बीएसडी-जीपीएल’ लिहा, किंवा सरळ ‘प्रोप्रायटरी’ लिहा. बंद लायसन्सचे मॉड्यूल आत आले की कर्नल त्याला अडवत नाही. फक्त स्वतःवर एक खूण करून ठेवतो, ‘टेन्टेड’. मराठीत सोवळ्या-ओवळ्याच्या भाषेत सांगायचे तर स्वयंपाकघर ओवळे झाले. पुढे काही बिघडले आणि तुम्ही दुरुस्तीसाठी कर्नलच्या मंडळींकडे गेलात, तर ते आधी ती खूण पाहतात आणि म्हणतात, ज्याचा कोड आम्हांला दिसत नाही त्याने काय केले हे आम्ही कसे सांगणार? ज्याने मॉड्यूल दिले त्याच्याकडे जा. यात तात्त्विक राग थोडा आणि व्यवहार जास्त आहे.

त्याच वर्षी दुसरी सोय आली. कर्नल आपली काही फंक्शने सगळ्या मॉड्यूलना वापरू देतो, आणि काही फक्त त्यांना, ज्यांनी वहीत ‘जीपीएल’ लिहिले आहे. ही दुसरी यादी म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेली सूचना की हे फंक्शन इतके आतले आहे, की ते वापरणारा माझ्या दृष्टीने घरचाच. बंद मॉड्यूलने ते मागितले तर ‘अननोन सिम्बॉल’ असे उत्तर मिळते आणि लोडिंग थांबते.

आता वही ठेवली की खोटी सही करणारेही आलेच. एप्रिल २००४ मध्ये लिनक्सअँट नावाच्या कॅनडातल्या कंपनीच्या मोडेम ड्रायव्हरची गोष्ट उघडकीस आली. सी भाषेत मजकूर कुठे संपला हे शून्य अक्षरावरून ठरते. त्यांनी लायसन्सच्या ओळीत आधी ‘जीपीएल’ लिहिले, लगेच शून्य अक्षर घातले, आणि त्यापुढे लिहिले की हे फक्त जीपीएल नावाच्या फोल्डरमधल्या फाइल्सना लागू, बाकीच्यांना वेगळे लायसन्स. कर्नल शून्यापाशी थांबला, त्याने वाचले ‘जीपीएल’, आणि दार उघडले. माणसाने वाचले तर सगळे खरे लिहिलेले! ‘नरो वा कुंजरो वा’ची ही विसाव्या शतकातल्या भाषेत एकविसाव्या शतकात झालेली आवृत्ती. कंपनीचे म्हणणे असे होते की त्यांच्या ड्रायव्हरमध्ये अनेक मॉड्यूल आहेत, प्रत्येकाच्या वेळी इशारा छापला जातो आणि ग्राहक घाबरतात. कारण खरेही असेल. पण युधिष्ठिराचा रथही त्या वाक्यानंतर जमिनीला टेकलाच होता.

यानंतर कडक धोरणाची मागणी वाढली. डिसेंबर २००६ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जीपीएल नसलेली मॉड्यूल २००८ पासून लोडच होऊ नयेत असा बदल सुचवला. टोरवाल्ड्स यांनी विरोध केला. कॉपीराइटने दिलेल्या हक्कापलीकडे जाऊन वापरणाऱ्याच्या घरात आपण कुलूप लावू नये, असा त्यांच्या विरोधाचा सूर होता. प्रस्ताव मागे घेतला गेला. जून २००८ मध्ये शंभराहून अधिक कर्नल लेखकांनी निवेदन काढले की बंद मॉड्यूल आम्हांला हानिकारक आणि नको आहेत. निवेदनच, बंदी नव्हे. हे मला फार आवडते. शिस्त लावायची, पण घरमालकाने भाडेकरूच्या पेट्या उघडायच्या नाहीत.

मधला मार्ग काढणारेही होते. बाहेरून जीपीएलचा पातळ पापुद्रा आणि आत बंद कोड, असे जोड-मॉड्यूल. पापुद्रा आतली फंक्शने मागून घेई आणि हळूच मागच्या दाराने बंद भागाला देई. २०२० मध्ये ५.९ या आवृत्तीत हेलविग यांनीच ती फट बुजवली: बंद मॉड्यूलकडून काही घेणारे मॉड्यूलही आता ओवळेच धरले जाते आणि जीपीएलची आतली फंक्शने त्याला मिळत नाहीत.

आता एक असे प्रकरण, जिथे कोणीच लबाड नाही, आणि तरी गाठ सुटत नाही. झेडएफएस ही माहिती साठवण्याची उत्कृष्ट प्रणाली. सन मायक्रोसिस्टिम्सने ती २००५ मध्ये सीडीडीएल या लायसन्सखाली खुली केली. सीडीडीएल हेही मुक्त लायसन्सच. पण ते म्हणते, माझ्या फाइल्स माझ्याच लायसन्सखाली राहतील. आणि जीपीएल म्हणते, एकत्र वाटायचे तर सगळे माझ्या लायसन्सखाली या. दोन्ही घरची माणसे चांगली, पत्रिका जुळत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने झेडएफएस लिनक्सवर आणले ते मॉड्यूल म्हणून, वेगळे वाटायचे आणि ज्याचे त्याने आपल्या यंत्रावर जोडायचे. जीपीएलचे कर्तव्य वाटण्यापासून सुरू होते. घरी बसून तुम्ही काय कशात मिसळता यावर ते बोट ठेवत नाही. २०१६ मध्ये उबंटूने मात्र बांधून तयार मॉड्यूल कर्नलसोबतच द्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने हा भंग असल्याचे जाहीरपणे म्हटले. उबंटूच्या वकिलांचे मत उलट होते. २०१९ मध्ये कर्नल ५.० ने एक जुने फंक्शन बाहेरच्यांना देणे थांबवले आणि झेडएफएसची गाडी अडखळली. जानेवारी २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी सांगितले की ओरॅकलकडून अधिकृत पत्र आल्याशिवाय आपण झेडएफएसला कर्नलमध्ये घेणार नाही. सन २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली होती, आणि ओरॅकल खटले लढण्यात मागे नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

एनव्हिडियाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. त्यांचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे बंद. कोडचा मोठा भाग इतर प्रणालींवरही चालतो, म्हणून तो लिनक्सचे अपत्य नाही, अशी बाजू मांडली जाई. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी या कंपनीला उद्देशून जो हातवारा केला, तो मी गणपतीसमोर करून दाखवणार नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने आपली कर्नल मॉड्यूल एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी लायसन्सखाली खुली केली. ओसरीवरचा भाग बंदच ठेवला.

हे सगळे परदेशातले. आपल्या शहरात हा प्रश्न कसा येतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो; नाव महत्त्वाचे नाही. परदेशी ग्राहकासाठी एका कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिहायचे काम. चित्र सुधारण्याची त्यांची एक गुप्त पद्धत होती आणि तीही मॉड्यूलमध्येच घालायची होती. सोर्स कोणाला द्यायचा नाही, असे लेखी सांगितलेले. टीममध्ये सांगलीहून नुकतीच आलेली एक मुलगी होती, काम तिच्याकडे. तिने प्रामाणिकपणे ‘प्रोप्रायटरी’ लिहिले, आणि मॉड्यूल लोड होईना, कारण एक फंक्शन जीपीएलच्या यादीतले. ग्राहकाचा निरोप आला, ‘ती ओळ बदलून जीपीएल करा, चालेल.’ चालले असतेही. चार अक्षरांचे काम. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘सर, त्या ओळीच्या खाली माझं नाव आहे.’

मॉड्यूलमध्ये लेखकाच्या नावाचीही एक ओळ असते. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, आणि करारान्वये पुढे तो ग्राहकाकडे जातो. म्हणजे हक्कातले तिच्या वाट्याला काही नाही. नाव तेवढे तिचे. फाइल जगात जाईल, कोणीही ‘मॉडइन्फो’ आज्ञा देईल, आणि एका खाली एक दोन ओळी दिसतील: लायसन्स जीपीएल, लेखिका अमुक. सोर्स मागितला तर मिळणार नाही.

आम्ही ओळ बदलली नाही, रचना बदलली. यंत्राशी बोलणारा छोटा भाग मॉड्यूलमध्ये ठेवला, तो खराखुरा जीपीएल, सोर्ससकट द्यायचा. गुप्त पद्धत उचलून ओसरीवर आणली, नेहमीच्या प्रोग्राममध्ये, जो सिस्टिम कॉलने बोलतो. जिथे टोरवाल्ड्स यांची टीप पहिल्या दिवसापासून संरक्षण देते, तिथे. काम काही आठवड्यांनी लांबले, चित्र आत-बाहेर करण्यात थोडा वेग गेला, आणि ग्राहकाच्या व्यवस्थापकाने फोनवर मला जे सुनावले त्याचेही शब्दांकन स्मरणिकेत नको. पण माल गेला. वर्षभराने कर्नलची नवी आवृत्ती आली तेव्हा खुला भाग दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला.

हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. कर्नल आपल्या आतल्या फंक्शनची ठेवण कायम ठेवण्याचे वचन देत नाही. ओसरीचे दार कधी हलवत नाहीत, पण स्वयंपाकघरातली मांडणी दर आवृत्तीला बदलते. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी-५४-जी हा राउटर आठवतो का? २००३ मध्ये दबावाखाली त्याचा सोर्स खुला झाला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. पण त्यातले ब्रॉडकॉमचे वायफाय मॉड्यूल बंदच होते आणि २.४ कर्नलसाठी बांधलेले. बाकी जग २.६ वर गेले, आणि त्या राउटरवर चांगले वायफाय हवे असणारे लोक वर्षानुवर्षे २.४ ला धरून बसले. एका बंद पाहुण्यासाठी अख्खे घर जुन्या मांडणीत.

माझी वेळ संपत आली आहे, कार्यवाह घड्याळाकडे नव्हे तर थेट माझ्याकडे पाहत आहेत. चिठ्ठ्यांवर आलेल्या दोन प्रश्नांना उत्तर देतो.

पहिला, एका तरुणाचा: ‘मॉड्यूल फक्त आमच्या कंपनीच्या यंत्रांवर चालते, बाहेर जात नाही. तरी सोर्स द्यावा लागेल का?’ नाही. वाटप झाले नाही तर जीपीएलची ती अट जागी होत नाही. पण ज्या दिवशी तेच यंत्र ग्राहकाला विकाल त्या दिवशी होईल. त्यामुळे विक्री विभागात कोणी मित्र असेल तर त्याच्याशी बोलत चला.

दुसरा प्रश्न आपल्या ज्येष्ठ सभासदांचा आहे, आणि तो अधिक चांगला आहे: ‘माझ्या फोनमध्ये हे असते का, आणि मी सोर्स मागू शकतो का?’ असते. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे. अँड्रॉइड १२ च्या सुमारापासून गूगलचा कर्नल एक आणि चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर लोडेबल मॉड्यूल, अशीच मांडणी नव्या फोनमध्ये असते. म्हणजे आजचा विषय तुमच्या खिशातच आहे, काका. आणि मागूही शकता. जीपीएलचे तिसरे कलम सांगते की प्रोग्राम देणाऱ्याने सोर्स सोबत द्यावा, किंवा मागेल त्याला, फार तर नकलेचा खर्च घेऊन, देण्याची किमान ३ वर्षांची लेखी हमी द्यावी. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये कायदेशीर माहितीचे पान असते, तिथे लायसन्सची लांबलचक यादी दिसेल, आणि पुष्कळदा सोर्स कुठे मागायचा तेही. पत्र लिहायला मदत हवी असेल तर जेवणाच्या पंगतीत मी डावीकडून तिसऱ्या रांगेत वाढायला आहे.